फळेराव व मफलरराव यांच्या बिनगोली संग्रामाची बखर

चारी कोपऱ्यांवरील निशाणांस, उभय गोलांच्या जाळ्यांस आणि पंचांच्या शिट्टीस नमन करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे : राजश्री फळेराव, सरलष्कर, तळाचा संघ, यांची त्या शनिवारी मोठी फत्ते जाहली, आणि ती एकही गोल न करता जाहली, आणि स्टेडियमातील तमाम रयत उभी राहोन टाळ्या पिटती जाहली, त्या कोणासाठी हे कोणासच ठाऊक नव्हते.

परंतु हे वर्तमान अद्याप घडलेच नाही. वाचणारांनी ते वाचले नाही, मागील मजकुरावर चहा सांडला आहे, ऐसे समजोन पुढे यावे. सामना व्हावयाचा आहे, आणि फळेरावांची नोकरी दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखी एका चिमट्यास लटकली आहे, आणि वारा सुटला आहे.

वारा सुटण्याचे कारण ऐसे. फळेराव हे फुटबॉलचे कोच. त्यांचे बगलेत डावपेचांचा पांढरा फळा अष्टौप्रहर असे, त्यावर लोहचुंबकाच्या सोंगट्या, तांबड्या आपल्या आणि निळ्या गनिमाच्या, म्हणोन खेळाडूंनी त्यांस फळेराव ऐसा किताब दिला. दाढ काढतेसमयीही ते फळा छातीशी धरोन खुर्चीत पडले आणि दंतवैद्याने पकड कोणत्या बाजूने शिरकवावी हे सोंगट्या मांडोन दाखवते जाहले. ऐसा हुन्नरबंद पुरुष, परंतु त्या मोसमात ग्रह फिरले. एक गोल पंचांचे पार्श्वभागास लागोन आत गेला. एक गोल आपल्याच गोलकीपरास शिंक आली म्हणोन जाहला. हरता हरता संघ तक्त्याचे तळाशी जाऊन बसला आणि तळाखाली आणखी जागा असती तर तेथेही गेला असता.

संघाचे धनी पंखेवाले शेठजी. त्यांचा छताच्या पंख्यांचा कारखाना, आणि कचेरीत नमुन्याचे तमाम पंखे अखंड चालू, करिता तेथे कागद टिकत नसे आणि सर्व हुकूम तोंडीच होत. तेथे फळेरावांस पाचारण जाहले. फळेराव केस धरोन उभे राहिले, आणि शेठजींनी फर्मान सोडले की, शनिवारचा सामना हरलात तर फळा उचलोन घरी जावे, आणि सरलष्करी आमचे पुतण्यास द्यावी. हा पुतण्या सोफ्यावर बसोन टीव्हीवरचा फुटबॉल खेळे, आणि त्यात त्याने जगज्जेतेपद अनेक वार जिंकले होते, पैकी काही वार एकाच हाताने, कारण दुसरे हातात बिस्किटे होती. मैदानावर तो कधी उतरला नव्हता. गवताची त्यास ॲलर्जी.

फळेराव बहुत कष्टी जाहले. नोकरी गेल्याचे दुःख निराळे, परंतु आपण हाताने घडवलेली पोरे, ज्यांस कोणता पाय डावा हे शिकवण्यात अर्धा मोसम गेला, ती पोरे बिस्किटवाल्याचे हाती जाणार, हे दुःख त्यांचे पोटात दगडासारखे बसले.

आता गनीम कोण, ते ऐका. शनिवारी चालोन येणारे राजश्री मफलरराव, सरलष्कर, अव्वल संघ. हा सामना जिंकला तर मोसमाचा कप त्यांचा, आणि न जिंकला तर कप कोणा तिसऱ्याच संघाचा. हे मफलरराव उन्हातान्हातही गळ्यास राखाडी मफलर गुंडाळीत आणि मैदानाकडेला कधी ओरडत नसत. बोटाने सर्व चालवीत. एक बोट वर केले म्हणजे चढाई, दोन म्हणजे माघार, आणि करंगळी हलवली म्हणजे कोण्या तरी खेळाडूचा उद्या घाम निघणार. इतर कोच शिट्ट्या, शिव्या आणि पाण्याच्या बाटल्या फेकोन जे साधीत नसत ते हा पुरुष करंगळीने साधी, करिता त्यांची दहशत भारी.

आणि हेच मफलरराव फळेरावांचे दाजी.

ते ऐसे की, तारुण्यात उभयता एकाच संघाचे मधले बचावपटू होते. एकजण चढाईस पुढे गेला की दुसऱ्याने त्याची पाठ राखावी, हा त्यांचा रिवाज. पाठीमागून गनीम येताना दिसला की राखणाऱ्याने एकच आरोळी द्यावी, 'पाठ!', आणि ज्याची पाठ त्याने का, कोठे, कोण न विचारता गर्रकन वळावे. बहुत वर्षे ऐसे चालले आणि ते हाडांत मुरले. एका समारंभात मफलररावांनी आरोळी देताच फळेराव ताटासकट वळले आणि सुपाचे भांडे घेऊन घसरणारा वाढपी हवेतल्या हवेत झेलते जाहले. पुढे मफलररावांचा घोटा मुरगळला. फळेरावांनी त्यांस घरी आणोन थोरल्या बहिणीपुढे घातले, कारण ताईसाहेब हाडास्नायूंच्या व्यायामवैद्य. त्यांनी घोटा बरा केला. घोटा बरा जाहला, घोटेवाला काही घरातून हलेना, आणि यथावकाश लग्न लागले. फळेराव म्हणत, मी पास दिला होता, दाजींनी चेंडूच घरी नेला.

मग दर रविवारी ताईसाहेबांकडे उभयतांची पंगत. जेवताना फुटबॉल काढावयाचा नाही ऐसा ताईसाहेबांचा सक्त हुकूम, परंतु डाळीची वाटी सरकवीत फळेरावांनी म्हणावे की ही वाटी जर इथून आत शिरली तर, आणि दाजींनी मीठदाणी आडवी घालोन म्हणावे की शिरेल कशी, आणि ऐसे करता करता एकदा सारा स्वयंपाक टेबलाच्या एकाच टोकास जमा जाहला आणि पाहुणे दुसऱ्या टोकास उपाशी. त्या सामन्याचे आधीच्या रविवारी ताईसाहेबांनी तहनामा जाहीर केला की, मीठदाणी जागची हलली तर दोघांनाही जिन्यात ताट मिळेल, आणि शनिवारी मी मधल्या रेषेसमोर बसेन, कोणाच्याही बाजूने टाळी वाजवणार नाही, आणि हरलेल्याने घरी येऊन तोंड पाडोन बसावयाचे नाही, बसल्यास त्याच तोंडाने भांडी घासावी.

फळेरावांनी त्या दिवशी शेठजींच्या फर्मानाविषयी चकार शब्द काढला नाही. दाजींपुढे रडगाणे गाणे म्हणजे सामना जाण्याआधीच इज्जत जाणे. परंतु ताईसाहेबांचे कानास ते आधीच लागले होते, आणि ताईंच्या कानास लागलेले दाजींच्या कानास लागण्यास मधे फक्त एक उशी.

मग मोहिमेची तयारी. फळेरावांनी आपला मालिशवाला नजरबाज करोन गनिमाचे सरावास रवाना केला. तो झाडीत दडला, आणि तेलाच्या वासावरोन लागलाच धरला गेला. मफलररावांनी त्यास न मारले, न हाकलले, खुर्ची देवविली, चहा देवविला, आणि मांडी आखडलेल्या एका खेळाडूची मालिश करोन घेतली. परत येऊन मालिशवाल्याने अर्जी केली की, गनीम दिवसभर तुमच्याच बचावाचा अभ्यास करतो आहे, आणि मफलरराव आपल्या पोरांस सांगत होते की, ही भिंत बांधणारा एकच माणूस आहे, तो बांधताना नीट बघून घ्या, पुन्हा दिसायची नाही.

फळेरावांनी हे वाक्य लष्करी गरजेपोटी पुन्हा सांगण्यास फर्मावले. मग पुन्हा. मग दार लावून घेऊन आणखी एकदा, सावकाश. त्यानंतर त्यांस स्मरण जाहले की आपण शत्रूविषयी ऐकतो आहोत, आणि त्यांनी चेहरा कठोर करोन मालिशवाल्यास झाडीत नीट दडता येत नाही म्हणोन दटावले.

शनिवार उजाडला. स्टेडियम गच्च भरले. शेठजी पुतण्यासह वरच्या मजल्याचे काचेच्या सज्ज्यात, ताईसाहेब मधल्या रेषेसमोर, हाताची घडी घालोन. मैदानाकडेला दोन चौकोन चुन्याने आखलेले, एकात फळेराव, एकात मफलरराव, आणि रेषा ओलांडू नये ऐसा कायदा. हस्तांदोलन जाहले. दाजींनी विचारले, जेवलास का. फळेरावांनी सांगितले, हो. हे खोटे होते.

शिट्टी जाहली आणि उभय फौजा भिडल्या. परंतु दोन्ही सरलष्कर एकमेकांस ऐसे आतून ओळखीत की फळेरावांनी डावीकडून घोडदौड काढावी तो तेथे दाजींचे दोन शिपाई आधीच वाट पाहत उभे, आणि दाजींनी तर्जनी उचलावी तो फळेरावांची भिंत त्या बोटाआधीच सरकलेली. चेंडू म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा, तो उपाशीच राहिला. मध्यंतरापर्यंत एकही गोलकीपर घामेजला नाही, आणि गनिमाचा गोलकीपर तर खांबास टेकोन आपल्या नखांची पाहणी करता जाहला.

मध्यंतरी फळेरावांनी आपल्या पोरांस फळ्यावर सोंगट्या आपटून सांगितले की, त्यांचा डावा बचाववीर चढाईच्या हौसेने पुढे पळतो आणि मागचे विसरतो, तो पुढे गेला की त्याच्या पाठीमागे रान मोकळे, तेथे लंबूने शिरावे. लंबू हा आपला आघाडीचा वीर, उंचीने ऐसा की दारातून आत येताना नमस्कार करतो आहे ऐसे वाटे. आणि फळेराव म्हणाले की ही एकच फट आहे, दाजींच्या गडास दुसरी फट नाही, ती सापडली तर आपण तरलो.

आणि ती सापडली. उत्तरार्धात गनिमाचा डावा बचाववीर हौसेने पुढे पळाला, आणि चेंडू आपल्या शिपायाने हिसकावला, आणि लांब उचलून टाकला, आणि लंबू त्या मोकळ्या रानात एकटा, समोर गोल, आणि गनिमाचा तो बचाववीर चार पावलांवर, परंतु पाठ करोन उभा, त्यास काही खबर नाही. फळेरावांनी ते पाहिले. उघडी पाठ पाहिली. सारा जन्म ज्या पाठीस जपले तैसी पाठ पाहिली. डोक्याने हुकूम देण्याआधी हाडांनी दिला, आणि चुन्याचे चौकोनातून, ज्या आवाजाने वरच्या सज्ज्यातील काचा थरथरल्या, त्या आवाजात फळेराव गर्जते जाहले,

"पाठ!"

गनिमाचा बचाववीर दाजींच्या तालमीतला. का, कोण, कोठे न विचारता गर्रकन वळला आणि लंबूच्या बुटाच्या टोकावरोन चेंडू काढोन घेऊन गेला.

 विकणाऱ्यांनी शेंगदाणे विकणे थांबवले. लंबू मैदानावरोन हळूहळू चालत कडेस आला, वाकला, आणि अदबीने विचारता जाहला,

"सर, आपण नक्की कोणाकडून आहोत?"

फळेरावांनी उत्तर देण्यास तोंड उघडले तो आत काहीच नव्हते. त्या एका आरोळीत कंठातील कुल दारूगोळा खर्ची पडला होता. सायकलीच्या पंपासारखा फुस्स आवाज आला आणि लंबूने तोच हुकूम समजोन पुन्हा धाव घेतली.

इकडे चौथे पंच, जे कडेला उभे राहोन बदली खेळाडूंच्या पाट्या दाखवितात, ते धावत आले, आणि गनिमास सल्ला देणे हा गुन्हा आहे किंवा कसे यावर मुख्य पंचांशी खलबत जाहले. कायद्यात ऐसे कलम सापडेना, कारण ऐसा मनुष्य आजवर सापडला नव्हता. अखेर मोठ्याने ओरडल्याबद्दल फळेरावांस पिवळे कार्ड दाखविले. त्यासरशी मफलरराव आपल्या चौकोनाची रेषा ओलांडोन, जी त्यांनी जन्मात ओलांडली नव्हती, पंचांपुढे ठाकले आणि तक्रार गुदरली की, कार्ड कशाबद्दल, त्यांनी काही चूक सांगितले का, पाठ उघडीच होती. पंचांनी रेषा ओलांडल्याबद्दल त्यांसही कार्ड दाखविले. मफलररावांनी मान लववून ते मान्य केले आणि परत जाताना मेहुण्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत राग किती आणि हसू किती याचा हिशोब फळेरावांस लागला नाही, कारण मधे मफलर होता.

वरती शेठजी खवळले. हरण्याची वाट पाहणे नको, आत्ताच्या आत्ता बडतर्फ करतो, ऐसे गरजोन पुतण्यास घेऊन लिफ्टमध्ये शिरले, आणि लिफ्ट दोन मजल्यांचे मधे अडकली. आत पंखा होता, तो दुसऱ्या कंपनीचा, आणि बंद. शेठजींनी जन्मात प्रथमच घाम कसा असतो तो पाहिला.

आता सामन्याची अखेरची घटका. गनिमास कप पाहिजे, करिता मफलररावांनी हाताची पाचही बोटे वर केली, ज्याचा अर्थ त्यांच्या पोरांनी यापूर्वी फक्त ऐकला होता, आणि सारी फौज फळेरावांच्या गडावर लोटली. भिंत एके ठायी खचली, दुसरे ठायी फुटली, गोलकीपराने एक चेंडू हाताने, एक गुडघ्याने आणि एक निव्वळ दैवाने परतविला. आणि मग उजवीकडोन गनिमाचा सुसाट वीर, ज्यास बाण म्हणत, निघाला. त्याचे वाटेत एकच शिपाई, ज्यास त्याच्या स्वभावावरोन निवांत म्हणत, आणि निवांत त्यासमयी खाली वाकोन बुटाची नाडी बांधीत होता. गोलाकडे तोंड, बाणाकडे पाठ.

फळेरावांनी पाहिले. छाती भरोन घेतली, तोंड उघडले, फुस्स. पुन्हा उघडले, फुस्स. त्यांनी फळा हवेत नाचविला तो सोंगट्या गळोन पडल्या. बाण पुढे, चेंडू पुढे, आणि फळेरावांचे डोळ्यांपुढे पुतण्या उभा राहिला, सोफ्यासकट, आणि त्याच्या पुढ्यात आपली पोरे रांगेने, आणि कोणता पाय डावा हे त्यांस कोणी सांगत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तो दुसऱ्या चौकोनातून आरोळी आली. गंजलेले फाटक बहुत वर्षांनी उघडावे तैसा तो आवाज, घोगरा, परंतु खणखणीत.

"पाठ!"

निवांतच्या हाडांस ही आरोळी फळेरावांनी शिकविली होती, आणि आवाज कोणाचा हे हाडे पाहत नाहीत. तो नाडी सोडोन गर्रकन वळला, आणि बाणाचे पायांतील चेंडूवर ऐसी लाथ घातली की बूट एकीकडे, मोजा एकीकडे, आणि चेंडू स्टेडियमाबाहेर वाहनतळावर पंखेवाल्या शेठजींच्याच गाडीचे टपावर. आणि पंचांची अखेरची शिट्टी जाहली. शून्य आणि शून्य.

फळेरावांनी डोळे उघडले तो अव्वल संघाची पोरे गवतावर बसली होती, काही रडत होती, आणि बाण आपल्या सरलष्कराकडे तोंड वासोन पाहत होता. कप गेला तो तिसऱ्याच संघास, ज्यांची त्या दिवशी सुट्टी होती आणि जे केस कापवीत होते ऐसे मागाहून कळले. आणि रयत उभी राहोन टाळ्या पिटू लागली. ताईसाहेबांनी टाळी वाजविली नाही, तहनामा मोडला नाही, परंतु घडी घातलेले हात सोडोन पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या आणि तो बराच वेळ सापडेना.

खेळाडूंच्या बोगद्यात उभयता भेटले. फळेरावांस बोलता येईना, म्हणोन त्यांनी फळ्यावर लिहिले, मुद्दाम? आणि फळा दाजींपुढे धरिला. मफलररावांनी तो वाचला, मग मफलर उलगडून काढिला, जो कोणी काढलेला पाहिला नव्हता, आणि तमाम खेळाडू वळोन पाहू लागले, आणि गळा अगदी साधाच निघाला. तो मफलर त्यांनी मेहुण्याच्या गळ्यास गुंडाळला.

"तोंडातून गेलं," दाजी म्हणाले.

फळेरावांनी फळ्यावरील 'मुद्दाम?' या अक्षरांखाली रेघ ओढली.

"गेलं म्हटलं ना. तू तरी मुद्दाम ओरडलास का?" मग चालता चालता, मागे न पाहता, "आणि तो बिस्किटवाला. त्याला हरवायला मी कशाला लागतो रे? आमच्या संघाचा मालिशवालाही हरवेल. पोरांना नाडी बांधायला शिकव."

ऐसे म्हणोन ते आपल्या रडणाऱ्या पोरांकडे गेले आणि त्यांचेमध्ये गवतावर जाऊन बसले. आज त्यांचे बोट वर नव्हते. बाणाने त्यांस काही विचारले. दाजींनी काही सांगितले, बराच वेळ. फळेरावांस ऐकू आले नाही, परंतु बाणाने अखेर मान हलविली ऐसे दिसले, आणि फळेरावांचे पोटातील दगड थोडा सरकला आणि तेथे दुसरे काही तरी बसले, त्याचेही वजन होतेच.

इतक्यात लिफ्ट सुटली आणि शेठजी, ओलेचिंब, पुतण्यासह अवतरले. बडतर्फीचा हुकूम ओठांवर होता, तो त्यांस निकाल कळला आणि ते घोटाळले. फर्मान हरल्यास होते. जिंकल्याचा प्रश्नच आला नव्हता. बरोबरीचे काय, याविषयी फर्मान मुके. मग शेठजींनी भावी सरलष्कर म्हणोन पुतण्यास विचारले की, बरोबरी जाहली तर तू काय करतोस.

"ड्रॉ झाला की मी गेम बंद करून परत सुरू करतो," पुतण्या म्हणाला.

शेठजींनी मैदानाकडे पाहिले. कोठे बटण दिसेना. त्यांनी पुतण्यास गाडीत बसण्यास सांगितले आणि फळेरावांस विचारले की आवाज कधीपर्यंत येईल. फळेरावांनी बोटांनी सांगितले, सोमवार. तर सोमवारी सरावास हजर व्हावे, ऐसा हुकूम जाहला. पुतण्या शिंकत गेला, गवत वाऱ्यावर होते.

येणेप्रमाणे राजश्री फळेराव यांची फत्ते जाहली. सरलष्करी राहिली, पोरे राहिली. राजश्री मफलरराव यांचीही फत्ते जाहली, ती कोठेही मांडता येत नाही, परंतु जाहली. गनिमाकडील नुकसान, कप एक. आपणांकडील नुकसान, कंठ एक, बूट एक, तो वाहनतळावरही सापडला नाही.

करिता फुटबॉल महामंडळाचे हुजुरात उभय सरलष्करांचे सहीने आणि ताईसाहेबांचे साक्षीने अर्ज गुदरला आहे तो ऐसा : मोसमाचे तक्त्यात या सामन्यासमोर जी दोन शून्ये छापिली आहेत, ती इतर सामन्यांचे शून्यांएवढीच लहान छापिली आहेत. सबब चौकशीअंती, ती दोन्ही शून्ये शेजारील शून्यांपेक्षा आकाराने मोठी, ठळक आणि एकमेकांस टेकलेली छापावी, आणि पुढील मोसमापासून कोणत्याही सामन्यात तैसी शून्ये वापरण्यास मनाई असावी, ऐसी विनंती आहे. निर्णय होईपर्यंत सदरहू तक्ता भिंतीवरोन उतरवून ठेवण्याची मेहेरबानी व्हावी.